ब्लू लीडचा घेवडा

१९२१ सालच्या सप्टेंबरची तीन तारीख. त्या शनिवारी मळणीयंत्राचा मालक पीपर याने अल्विना राडेमाकरच्या हातावर चौऱ्याण्णव डॉलर पन्नास सेंट ठेवले. साडेएकतीस दिवस, दिवसाला तीन डॉलर. हिशेब चोख होता. पण अकरा हंगामांत पहिल्यांदाच पैसे देताना पीपरने तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

पाहणार तरी कसा? त्याच दुपारी, हंगामाच्या शेवटच्या जेवणाला, अल्विनाने बावीस गड्यांसमोर सफरचंदाचं सारण भरून भाजलेले नऊ ‘ॲपल पाय’ ठेवले होते आणि नऊच्या नऊंत साखरेच्या जागी मीठ होतं. पहिला घास घेतलेला गडी कसाबसा गिळून गप्प बसला. दुसरा बाहेर जाऊन थुंकला. मग कुणीतरी खुदकन हसलं आणि टेबल हसायला लागलं. अल्विना हातातली सुरी तशीच धरून उभी होती. साखरेचा डबा उजवीकडे, मिठाचा डावीकडे, ही मांडणी अकरा वर्षांत एकदाही बदललेली नव्हती. हात मग कुठे गेला, हे तिला त्या दिवशी कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही.

ती तेव्हा एकसष्ट वर्षांची होती. नवरा जाऊन चौदा वर्षं झाली होती. नेब्रास्कातल्या त्या सपाट गव्हाच्या मुलखात मळणीयंत्र या शेतावरून त्या शेतावर जाई आणि त्याच्यामागून घोडे जुंपलेलं, चाकांवरचं लाकडी स्वयंपाकघर. ते स्वयंपाकघर अल्विनाचं. दिवसाला पाच वेळचं खाणं आणि बावीस तोंडं. बाकीचे दहा महिने ती मुलाच्या, एमिलच्या घरात राही, सुनेच्या चुलीपाशी सुनेच्या पद्धतीने वावरे. थेकला वाईट नव्हती, पण चूल तिची होती. अल्विनाला स्वतःची म्हणावी अशी जागा जगात एकच होती आणि तिला चाकं होती.

तो हिवाळा विचित्र गेला. थेकलाने डब्यांना मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या डकवल्या. अल्विना भांड्यापासून हलली की थेकला चमचा बुडवून चव बघे आणि पाठमोरी होऊन पुसून ठेवी. अल्विनाला ते दिसत होतं. तीसुद्धा स्वतःला तपासत होती. अंथरुणावर पडल्या पडल्या ती बावीस गड्यांची नावं बसण्याच्या क्रमाने म्हणून पाही. बावीस भरत. मग मीठ?

मे महिन्यात पीपरचं पत्र आलं. ते एमिलला होतं, तिला नव्हतं. "तुझ्या आईला यंदा झेपेल का, ते एक जुलैच्या आत कळव. नाहीतर मी दुसरी बाई बघतो. राग मानू नये."

एमिलने पत्र खिशात घातलं आणि म्हणाला, "आई, यंदा डुकरं बरी विकली गेली. मळणीच्या आधी आपण तिघं कोलोरॅडोच्या डोंगरात जाऊन येऊ. गाडी आहे, तंबू आहे. स्वयंपाक तू कर."

"सहलीला नेतोयस की परीक्षेला?" अल्विनाने विचारलं.

"सहलीला गं," एमिल म्हणाला. पण हे तो बुटाकडे बघत म्हणाला.

गाडी जुनी, उघडी, ताडपत्रीच्या छपराची होती. एमिलने तिच्या पायरीवर एक लाकडी पेटी ठोकून बसवली. पेटीचं झाकण खाली पाडलं की टेबल व्हायचं आणि आत घेवडा, मिठातलं डुकराचं मांस, काकवी, पीठ, कॉफी, डब्यातलं दूध, सगळं खणाखणांत. तंबूची एक बाजू गाडीच्या छपराला बांधायची, दुसरी खुंट्यांना. पेट्रोलवर चालणारी दोन तोंडांची शेगडी होती. ती पेटताना अशी भडकायची की थेकला दहा पावलं लांब जायची. अल्विना जायची नाही. तिने मळणीच्या चुलीत गव्हाचं काड जाळलेलं होतं, त्याचा भडका याहून मोठा.

पहिले चार मुक्काम मैदानात झाले आणि मजेत झाले. गावोगावी मोटारवाल्यांसाठी मोफत तळ होते, कॉटनवुडच्या झाडांखाली वीस-तीस गाड्या लागलेल्या असत. तिथे कुणी कुणाला नाव विचारत नसे, धंदाही विचारत नसे. ते अशिष्ट समजलं जाई. गाडीच्या पाटीवर जे राज्य, तेच माणसाचं नाव. "ओहायो, जरा हातोडी देता का?" "काय आयोवा, रस्ता कसा आहे पुढे?" पहिल्या संध्याकाळी कुणीतरी "अहो नेब्रास्का!" अशी हाक मारली तेव्हा अल्विनाने मागे वळून पाहिलं, एवढं अख्खं राज्य कुठे उभं आहे म्हणून. त्या चार मुक्कामांत तिचा घेवडा लोण्यासारखा शिजला. एमिलने तीनदा वाढून घेतला. थेकलाचा चव घेण्याचा चमचा पेटीतच राहिला.

मग डोंगर लागले. घाटात गाडीला धाप लागली. इंजिन खोकायला लागलं, पाणी उकळून झाकणातून वाफ फुसफुसली आणि एमिल तोंडाला येईल ते बोलला. घाटातल्या गॅरेजवाल्याने टोपी मागे सारून इंजिनात डोकं घातलं, कुठलासा स्क्रू अर्धा फेरा फिरवला आणि म्हणाला, "गाडीला काही झालेलं नाही, नेब्रास्का. हवा विरळ आहे इथली. खालच्यासारखी चालव म्हणाल तर ती चालणार नाही."

"बघ, मी म्हणत नव्हतो? गाडी चांगली आहे," एमिल बायकोला म्हणाला. जसं काही गॅरेजवाल्याने त्याच्याच वंशाला शाबासकी दिली होती.

वीस जूनला, मंगळवारी, ते ब्लू लीडला पोचले. चांदीच्या खाणी बंद पडल्यावर उरलेलं गाव. तळाच्या फाटकावर पाटी होती: लोकसंख्या ३१२, उंची ९४६० फूट, मुक्काम मोफत, कचरा पुरून टाकावा. ओढा खळाळत होता, हवेत राळेचा वास होता, आणि शेजारच्या तंबूपुढे पुरुषी खाकी विजार घातलेली एक जाडजूड बाई कपडे वाळत घालत होती.

"या, नेब्रास्का! आम्ही कॅन्सस," ती म्हणाली. "मुक्काम किती दिवस?"

"रविवारपर्यंत."

"मग जमेल आपलं."

बुधवारी सकाळी नऊला अल्विनाने घेवडा चढवला. रात्रभर भिजवलेला. खळखळून उकळी आली, नेहमीपेक्षा लवकरच. साडेअकराला तिने एक दाणा दाबून पाहिला. दगड. बारा वाजता दगड. एक वाजता एमिल ताटली घेऊन बसला. पहिला घास त्याने चावला तेव्हा जो आवाज आला तो तिघांनीही ऐकला.

"जरा कच्चा आहे," एमिल म्हणाला.

"चार तास उकळतोय," अल्विना म्हणाली.

थेकलाने घड्याळाकडे पाहिलं. नवऱ्याकडे पाहिलं.

अल्विनाला वाटलं, घेवडा जुना असेल. पण त्याच पोत्यातला मैदानात शिजला होता. मग शेगडी मंद असेल? पाणी तर उड्या मारत होतं. मग आपण नऊला चढवला असं आपल्याला वाटतंय, खरं अकराला चढवला असेल? ही शंका आली तेव्हा ती हातातला डाव खाली ठेवून पेटीवर बसली. संध्याकाळी बटाटे उकडले. वरून मऊ, मध्ये करकरीत. केक केला. फुगला, फुगला आणि शेगडीवरून उतरवताना मधोमध खचला, म्हाताऱ्याच्या गालफडासारखा. कॉफी उकळती कपात ओतली तरी एमिल ती फुंकर न घालता प्यायला.

"गार आहे का रे?"

"नाही, नाही. बरी आहे."

रात्री तिने बावीस नावं म्हटली. एकवीस भरली. पुन्हा म्हटली. बावीस.

गुरुवारी तिने खडू घेतला. घेवडा चढवला आणि पातेल्याच्या झाकणावर लिहिलं: आठ वाजता, मीठ नाही, सोडा चिमूटभर. दर तासाला एक रेघ मारली. थेकलाने त्या रेघा पाहिल्या आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. अल्विनाला त्या पाण्याचा फार राग आला.

"चव घे की," ती म्हणाली. "चमचा कुठे गेला तुझा?"

"आई, मी तसं काही..."

"घे, घे. दातही घेऊन ये."

दुपारी शेजारचा पडदा वर झाला. "काय नेब्रास्का, शिजलं का?"

"झालंच," अल्विना म्हणाली. "तुमचं?"

"लोणी!" कॅन्सस म्हणाली. "जिभेवर ठेवलं की गेलं."

म्हणजे त्याच ओढ्याचं पाणी आणि तसलीच शेगडी, पण शेजारी लोणी आणि इथे दगड. अल्विनाच्या पातेल्यावर सहा रेघा झाल्या होत्या. मग फरक उरला तो हातातच, नाहीतर डोक्यात.

त्या संध्याकाळी एमिल कंदिलाजवळ बसून पत्र लिहीत होता. तंबूच्या कापडाला आतलं बाहेर आणि बाहेरचं आत ऐकू येतं.

"काय लिहिलंस?" थेकलाने विचारलं.

"की तिला आता जमणार नाही. दुसरी बघ."

"तू आधी तिच्याशी बोल."

"काय बोलू? बावीस गडी उन्हात राबून येणार आणि त्यांच्या ताटात छर्रे पडणार. ती झाकणावर खडूने लिहून ठेवते, थेकला. माझी आई. जिने कधी तराजू वापरला नाही."

शुक्रवारी दुपारच्या आगगाडीने पत्र गेलं. एमिल स्टेशनवरून परत आला तेव्हा त्याने आईसाठी लिमलेटच्या गोळ्या आणल्या होत्या. तिने एक घेतली. तीही तिला नीट गोड लागली नाही.

शनिवारी पहाटे, तळ जागा व्हायच्या आत, अल्विना उठली. गुरुवारचा घेवडा अजून पातेल्यात होता आणि तो कुणाच्या नजरेला पडू नये एवढंच तिला वाटत होतं. तिने गाडीचं फावडं घेतलं आणि ओढ्याकाठच्या झुडपांमागे गेली. माती भुसभुशीत होती. पहिल्याच फावड्याला काहीतरी पांढरं वर आलं. तिने वाकून उचललं. घेवड्याचा दाणा. तिला क्षणभर वाटलं, आपण इथे आधीच येऊन गेलो आणि विसरलो. मग तिने दुसरं फावडं घातलं. तिथे ठिपक्यांचा घेवडा निघाला. ठिपक्यांचा घेवडा तिने जन्मात शिजवला नव्हता. तिसऱ्या ठिकाणी लाल निघाला. त्याच्याशेजारी खचलेल्या केकचा एक अख्खा तुकडा.

ती तशीच फावडं टेकून उभी असताना मागे काटकी मोडली. कॅन्सस. अंगावर शाल, पायांत नवऱ्याचे बूट, हातात झाकलेलं पातेलं.

दोघी एकमेकींच्या पातेल्यांकडे बघत राहिल्या.

"लोणी का?" अल्विनाने विचारलं.

कॅन्ससने झाकण काढलं. पांढरा घेवडा, दगड. "बाई गं," ती म्हणाली, "तीन दिवस झाले. माझा नवरा म्हणतो, डोंगरात आल्यापासून तुझं लक्ष नाही. मला वाटलं, पाळी जायचं वय झालंय म्हणून असं होतंय."

"मग लोणी कशाला सांगितलंत?"

"तुम्ही झालंच म्हणालात! मी काय नेब्रास्कासमोर नाक कापून घेऊ?"

"आणि हा लाल कुणाचा?"

"पलीकडच्या तंबूतल्या मिसुरीचा असणार. मला म्हणत होती, पाहुणे आले म्हणून कमी पडला."

हसावं की रडावं ते अल्विनाला कळेना. तिला हायसं वाटलं होतं, पण डोकं आणखीच गरगरत होतं. एका बाईचं डोकं फिरू शकतं. साऱ्या तळावरच्या बायकांचं एकदम फिरेल?

दोघी तशाच, पातेली घेऊन, तळाच्या रखवालदाराच्या झोपडीवर गेल्या. ट्रेव्हना हा जुना खाणकामगार. एकतीस वर्षं याच डोंगरात राहिलेला. तो दारात दाढी करत होता.

"घेवडा?" तो म्हणाला. "इथे घेवडा शिजत नाही."

"का शिजत नाही?"

"पाणी तापायच्या आधीच उकळतं."

"तापल्याशिवाय उकळेल कसं?" अल्विना म्हणाली. "उकळणं म्हणजेच तापणं ना?"

"खाली. इथे नाही. हवा विरळ, वरून दाब नाही, पाणी आपलं लवकर उड्या मारतं. उड्या मारतं म्हणून तापलं, असं नाही. माझा पुतण्या नाही का, सगळीकडे उड्या मारतो, काम शून्य."

"मग तुम्ही कसा शिजवता?"

"मी? मी डब्यातला खातो."

"आणि हे फाटकावर का लिहीत नाही तुम्ही?" कॅन्ससने विचारलं.

"लिहिलंय की. उंची नऊ हजार चारशे साठ."

अल्विनाला ते पटलं, पण कळलं नाही. तंबूकडे येताना ती दोनदा थांबली. तापण्याआधी उकळणारं पाणी. मग कुठल्या गोष्टीचं काय खरं धरायचं? पण मधेच तिला घाटातला गॅरेजवाला आठवला आणि ती पुन्हा चालायला लागली, आधीपेक्षा भराभर.

एमिल गाडीच्या पायरीवर बसून बूट चढवत होता.

"एमिल, घाटात गाडीला धाप लागली तेव्हा तू काय केलंस?"

"म्हणजे? गॅरेजवाल्याला विचारलं."

"तो काय म्हणाला?"

"हवा विरळ आहे म्हणाला. गाडीला काही झालेलं नाही."

"मग माझा घेवडा कच्चा राहिला तेव्हा तू कुणाला विचारलंस?"

एमिलचा एक बूट हातातच राहिला.

"गाडीला हवा विरळ लागते आणि आईचं डोकं फिरतं," अल्विना म्हणाली. "गाडी दीडशे डॉलरची आहे म्हणून?"

तिने त्याला फावडं दिलं आणि झुडपांमागे पाठवलं. तो बराच वेळ आला नाही. आला तेव्हा त्याच्या तळहातावर तीन रंगांचे दाणे होते आणि चेहऱ्यावर लहानपणी खिडकीची काच फोडल्यावर यायचे तसे भाव.

"सगळ्यांचाच?" थेकला म्हणाली.

"सगळ्यांचाच," एमिल म्हणाला.

थेकलाने त्यातला एक दाणा उचलून पाहिला. मग हळूच म्हणाली, "आणि मीठ, आई?"

तो प्रश्न विचारायला धैर्य लागतं, हे अल्विनाने मनात मान्य केलं.

"मिठाचं मला माहीत नाही," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही. पण मीठ एकदाच झालं. आणि घेवड्याचं आता माहीत आहे. पीपरला यातलं काय कळवायचं ते तुम्ही ठरवा. मला आज शिजवायचाय."

शिजवायला मात्र घेवडा उरला नव्हता, पोतं गुरुवारीच रिकामं झालं होतं. ती शेजारी गेली. कॅन्ससने रात्रीचा भिजवलेला दोन कप पांढरा घेवडा काढून दिला. "तुमचा शिजला तर मला हाक मारा," ती म्हणाली. "नाही शिजला तर फावडं घेऊन येते."

या वेळी अल्विनाने घड्याळ पेटीत टाकलं आणि खडूही टाकला. ओतीव लोखंडाचं पातेलं घेतलं, झाकणाच्या कडेला कणीक थापली आणि वर ओढ्यातला मोठा धोंडा ठेवला. शेगडीचं पेट्रोल दुपारीच संपलं, तेव्हा एमिलने न सांगता लाकडं फोडली आणि जाळ घातला. पाणी कमी झालं की ती कणीक फोडून उकळतं पाणी घाली आणि पुन्हा थापी. किती वाजले ते तिने विचारलं नाही. घेवडा शिजेल तेव्हा शिजेल, असं म्हणून ती बसून राहिली. अकरा हंगामांत ती अशी कधी बसली नव्हती. तिथे तर बारा म्हणजे बारा.

ऊन डोंगरामागे गेल्यावर तिने झाकण काढलं. दाणा बोटात धरला. तो दबला. लोणी नव्हता, पण दगडही नव्हता. एमिलने खाल्लं. मग परत वाढून घेतलं. कॅन्सस नवऱ्याला घेऊन आली आणि ताटलीवर बोट नाचवत त्याला म्हणाली, "आता बोल. बोल ना, लक्ष नाही म्हणून!" तो बिचारा तोंड भरलेलं असल्याने बोलू शकला नाही.

त्याच संध्याकाळी एमिल पुन्हा स्टेशनवर गेला आणि पीपरला तार केली. तारेत शब्द मोजके, त्यामुळे पाण्याचं आणि हवेचं सगळं त्यात मावेना. त्याने शेवटी एवढंच लिहिलं: "येणारं पत्र मानू नका. आई ठीक. दोष डोंगराचा."

तार रविवारी पोचली आणि पत्र मंगळवारी. दोन दिवस पीपर हातात तार घेऊन गावभर विचारत होता, कुठलं पत्र? कुठला डोंगर? पत्र आल्यावर तर त्याचा गोंधळ दुप्पट झाला. शेवटी राडेमाकर मंडळी परतल्यावर तो स्वतः अंगणात येऊन उभा राहिला. या वेळी तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

"मला काही समजलेलं नाही," तो म्हणाला. "एकच सांगा. माझी शेतं सपाट आहेत. सपाटीवर शिजतं ना तुमचं?"

"शिजतं."

"मग दहा तारखेला या. आणि साखरेचा डबा निळा रंगवून घ्या. मी रंग देतो."

अल्विनाने त्यानंतर सहा हंगाम केले. डबा निळा होता. पुन्हा मीठ पडलं नाही, आणि पहिल्यांदा का पडलं याचा उलगडाही झाला नाही. पाणी तापायच्या आधी कसं उकळतं, हे तिने दर हंगामाला एका तरी शिकल्या-सवरल्या माणसाला विचारलं. प्रत्येकाने समजावलं, प्रत्येक वेळी तिने मान हलवली आणि चुलीकडे वळल्यावर ते पुन्हा तिच्या हातून निसटलं.

ब्लू लीड सोडायच्या दिवशी, त्या रविवारी पहाटे, ती घेवड्याची भरपाई म्हणून काकवीची बाटली घेऊन शेजारी गेली होती. शेजारी गवत दबलेलं होतं आणि खुंट्यांची भोकं होती. त्यांची गाडी उजाडायच्या आतच निघून गेली होती. नाव विचारायची रीत नव्हती, म्हणून नाव माहीत नव्हतं, गावही नव्हतं.

कॅन्ससच्या बाईंचं दोन कप पांढऱ्या घेवड्याचं देणं राहिलं आहे.